बाईंचा डावा गाल

दुरुस्ते हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता या गृहस्थांना दुरुस्त्यांची अशी काही चटक लागली होती की समोर येईल ते सुधारत सुटायचे. दवाखान्याच्या पाटीवरची वेलांटी, दुधाच्या पिशवीवरचा अनुस्वार, लग्नपत्रिकेतलं नवऱ्यामुलाचं नाव, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा जिन्यात लावलेल्या शोकसंदेशातला उकार त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केला, तेव्हा मृताच्या थोरल्या मुलाने त्यांना त्याच जिन्यात गाठलं होतं. तर इमारतीत कुणीतरी गमतीने दुरुस्ते म्हटलं आणि ते चिकटलं. आता पोस्टमनही तेच म्हणतो.

मुद्रितं तपासण्याचा एक नियम ते येताजाता सगळ्यांना ऐकवत. अर्थाच्या नादी लागायचं नाही. अर्थ वाचायला लागलात की अक्षर निसटलंच म्हणून समजा. रहस्यकथा त्यांच्या हाताखालून गेली, तर शेवटी खून कोणी केला हे त्यांना ठाऊक नसे, पण ‘खुनी’मधला खु कुठे कुठे दीर्घ पडला होता ते पानासकट सांगत. आपण हा नियम जरा लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

त्यांच्या पत्नीला अख्खी इमारत बाई म्हणते, कारण त्या शाळेत बाई आहेत. पाचवीला भूगोल शिकवतात, आणि अशा शिकवतात की बापांच्या वर्गात त्याच बाई होत्या नि आता पोरांच्याही वर्गात त्याच. पण मध्यंतरी शाळेत एक भिंतभर पडदा आला. पडद्यामागोमाग टाय लावलेला एक तरुण आला. तो तयार धडे विकणाऱ्या कंपनीचा माणूस. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षीपासून पाचवीचा भूगोल पडद्यावरच होईल. मग मी काय करू, असं बाईंनी विचारलं. तुम्ही बटण दाबा, मुख्याध्यापक म्हणाले, आणि उरलेल्या वेळात कार्यालयात बसून हजेरीपत्रकं लावा.

सुदैवाने शिक्षण कार्यालयातल्या अधिकारीबाईंनी एक फट ठेवली होती. कुणा शिक्षकाला स्वतःचा धडा चित्रित करून द्यायचा असेल तर त्याने द्यावा, कंपनीचा धडा नि तो धडा शेजारी शेजारी बघू, आणि मग पाचवी कुणाकडे ते ठरवू. धडा ठरला दिवस आणि रात्र.

बाईंनी घरी येऊन हे सगळं अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पण त्या संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा उघडला नाही. हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. वह्या न तपासणाऱ्या बाई दुरुस्त्यांनी संसारात पहिल्यांदाच पाहिल्या. बाई म्हणजे त्यांचा जीव की प्राण, फक्त हे बोलायचं कसं हे त्यांना कुठल्या मुद्रितात सापडलं नव्हतं. म्हणून ते म्हणाले, “चित्रण मी करतो.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पूर्वी मेव्हण्याच्या लग्नाचं चित्रण केलं होतं, त्यात मुख्यत्वे त्यांचेच बूट दिसत होते. पण बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती, ते एक असो.

दुरुस्त्यांची कल्पना तशी झकास होती. मागे हिरवं कापड लावायचं, बाईंना पुढे उभं करायचं, आणि नंतर संगणकावर हिरवं तेवढं काढून टाकून त्या जागी तारे, सूर्य आणि फिरती पृथ्वी बसवायची. बाई अंतराळात उभ्या राहून शिकवतील. टायवाल्याची बोलती बंद. लेक दुसऱ्या गावी चित्रकला शिकते, तिने फोनवर नुसतं एवढंच सांगितलं, की बाबा, कापडावर उजेड सगळीकडे सारखा पडू द्या, सगळं त्यावर आहे. दुरुस्ते म्हणाले, अगं कमीजास्त झालं तर नंतर दुरुस्त करू. हे वाक्य त्यांनी पुढच्या काही दिवसांत किती वेळा उच्चारलं याला गणती नाही.

कापडासाठी ते तळमजल्यावरच्या शिवणकाकूंकडे गेले आणि हिरवं कापड द्या म्हणाले. काकूंनी शिलाई मशीन थांबवलं. हिरवं म्हणजे कुठलं हिरवं? पोपटी, पिस्ता, शेवाळी, बाटलीचं, मोरपंखी, की गवती? दुरुस्त्यांना आजवर वाटत होतं की हिरवा हा एक रंग आहे. काकू म्हणाल्या, बायकोबरोबर एकदा तरी कापड घ्यायला गेला असतात तर असं बोलला नसतात. शेवटी त्यांनी एका दवाखान्याच्या पडद्यांसाठी आलेला तागा एका दिवसाच्या बोलीवर दिला. घडीवर पडलेल्या सुरकुत्या दाखवून इस्त्री करा म्हणून बजावलं. दुरुस्ते म्हणाले, सुरकुत्या नंतर काढता येतात.

दिव्यासाठी वरच्या मजल्यावर जावं लागलं. तिथे वीज कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना सगळे मेनस्विच म्हणतात, कारण बल्ब बदलायचा असो की पंखा पुसायचा असो, आधी मेनस्विच बंद करा हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यांच्याकडे बांधकामावर लावतात तसला एक दांडगा दिवा होता. दोन असते तर बरं झालं असतं, एक या बाजूने नि एक त्या बाजूने, असं दुरुस्ते पुटपुटले. तुमच्या घरच्या तारा एकच सोसतील की नाही याची शंका आहे, काका म्हणाले, आणि पाहणीच्या नावाखाली खाली येऊन कोचावर बसले ते चहा झाल्यावरही उठेनात.

तर पुढच्या खोलीत भिंतीवर तागा टांगला गेला. तो मध्ये पोट सुटल्यासारखा पुढे आला होता. दिव्याची वायर जेमतेम बाईंच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यापर्यंत पोचत होती, म्हणून दिवा तिथेच ठेवला. बाई कापडाला जवळजवळ टेकून उभ्या राहिल्या, कारण पुढे सरकायचं तर जेवणाचं टेबल आडवं येत होतं. उजवीकडचं कापड भाजल्यासारखं पांढरट, डावीकडचं काळपट, त्यावर बाईंची भलीमोठी सावली. बाईंचा उजवा गाल झगझगीत आणि डावा अंधारात. बाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सावलीकडे पाहिलं.

“अहो, एका बाजूनेच येतोय हा उजेड.”

“चालू दे गं. नंतर दुरुस्त करू.”

बाई क्षणभर विचारात पडल्या आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर, निदान त्याच्या उजेडातल्या अर्ध्या भागावर, हसू आलं. बरं, म्हणाल्या.

आता प्रश्न आवाजाचा. इमारत म्हटली की कुणीतरी काहीतरी ठोकणार, कुणाची तरी बेल वाजणार. दुरुस्त्यांनी फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, चित्रण सुरू केलं, मेनस्विच काकांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि स्वतः जिन्यात पहाऱ्याला उभे राहिले. दार घट्ट लावून घेतलं. आत बाई आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा शिकवत होत्या आणि बाहेर दुरुस्ते तोंडावर बोट ठेवून शिवणकाकूंना, काकांना नि आंब्याएवढा गोळा गिळल्यासारखा चेहरा करून थांबलेल्या पाणीवाल्याला गप्प बसवत होते. धडा संपला आणि फट्कन आवाज होऊन अख्ख्या मजल्यावरचे दिवे गेले. दांडग्या दिव्याने प्राण सोडला होता. मेनस्विच काका म्हणाले, सांगत होतो.

संगणकावर पाहिल्यावर दुरुस्त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कापड एक, पण हिरवे रंग काकूंनी मोजले होते तेवढे सगळे त्यात हजर. हिरवं काढ म्हणून हुकूम दिला तर संगणक एका वेळी एकच हिरवं ओळखायचा. उजवीकडचं गेलं तर डावीकडचं राहायचं, म्हणजे अर्धं अंतराळ नि अर्धा दवाखान्याचा पडदा. बरं, जरा जास्त खा म्हणावं तर तो बाईंनाही खाऊ लागायचा. आधी कानाची पाळी गेली, मग खांद्याला भोक पडलं आणि त्यातून गुरू ग्रह दिसू लागला. कापडाला टेकून उभ्या राहिल्यामुळे बाईंच्या पांढऱ्या केसांवर शेवाळ धरल्यासारखी झाक आली होती. चष्म्याच्या काचांत कापड उतरलं होतं, ते संगणकाने इमानेइतबारे काढून टाकलं, आणि बाईंच्या डोळ्यांच्या जागी तारे लुकलुकू लागले.

पुन्हा चित्रण करावं तर तागा शिवणकाकूंनी दुसऱ्याच दिवशी फाडून त्याचे पडदे केले होते आणि ते दवाखान्यात लटकतही होते. दिवा तर गेलेलाच. आणि मुख्य म्हणजे बाई तयार नव्हत्या. म्हणाल्या, “मी एकदाच शिकवते. दुसऱ्यांदा बोलले की ते पाठांतर होतं.” बघायलाही त्या तयार नव्हत्या. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघवत नाही, तुम्ही केलंय ना, मग ठीकच असेल, एवढं बोलून त्या वह्यांकडे वळल्या. हा विश्वास दुरुस्त्यांना छातीवर दगड ठेवल्यासारखा वाटला.

मग सुरू झाली दुरुस्ती. रोज छापखान्यातून आले की हात-पाय धुऊन जे बसायचे ते जेवायला हाक येईपर्यंत. संगणक जुना, आवाज सुरू ठेवला की चित्र अडखळायचं आणि बाईंचा आवाज उचकी लागल्यासारखा तुटक यायचा. शिवाय त्याच खोलीत खऱ्या बाई वह्या तपासत बसलेल्या. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, “तो आवाज बंद करा बघू. घरात दोन-दोन मी नको.” दुरुस्त्यांनी आवाज बंद केला. त्यांची काही हरकत नव्हती. मुद्रितं तपासताना लेखक कुठे शेजारी बसून बोलतो?

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. मेनस्विच काका रोज खुर्ची ओढून मागे बसत आणि उजवीकडून सुरू करा म्हणत. डावीकडून केलं तर म्हणत, म्हणूनच बिघडतंय. शिवणकाकू वरती आल्या, त्यांनी पडद्यावरचं कापड बघून कपाळाला हात लावला आणि इस्त्री करा म्हणाले होते की नाही, असं विचारलं. पण कामाची गोष्टही त्याच बोलल्या. अंगभर एकाच मापाने कापत नाहीत हो, बाहीला बाही, पाठीला पाठ. मग लेकीनेही फोनवर तेच सांगितलं. दुरुस्त्यांना पटलं. त्यांनी चित्राचे तुकडे पाडले. डावीकडचं काळपट कापड आधी उजळून घेतलं, उजवीकडचं भाजलेलं जरा निववलं, आणि मग प्रत्येक तुकड्यातलं हिरवं वेगळं उचललं. केसांवरची झाक पुसली. कानाची पाळी परत आणली. चष्म्यातले तारे विझवले. माणूस हट्टी असला की काय काय करतो. खरं सांगायचं तर काम सुरेख झालं होतं, आणि ते बघून दुरुस्त्यांची मान जरा ताठ झाली होती.

मध्येच शिक्षण कार्यालयातल्या कारकुनाचा फोन आला. धड्यात सूर्य आहे असं कळतं, तो कुणाचा आहे? दुरुस्ते म्हणाले, कुणाचा म्हणजे? सूर्य तो सूर्य. कारकून म्हणाला, तसं चालत नाही, चित्र ज्याचं असेल त्याची संमती लागते, परवा एकाचा डोंगर परत गेलाय. सूर्य लेकीने काढून पाठवला होता. तेव्हा तिला फोन करून ‘हा सूर्य माझा असून तो मी वडिलांना वापरू देत आहे’ असं लिहून मागवावं लागलं. पृथ्वीबद्दल कारकुनाने काही विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता मात्र त्याने एक नियम वाचून दाखवला, शिक्षकाचा चेहरा स्पष्ट आणि सगळीकडून सारखा उजळलेला दिसावा, सावली नसावी.

झालं. दुरुस्त्यांना त्या दिवसापासून बाईंच्या डाव्या गालाशिवाय काही दिसेना. एवढं चकचकीत अंतराळ, आणि त्यात अर्धा चेहरा काळा! ही तर अक्षम्य चूक. ते गाल उजळवू लागले. साधं काम नव्हतं ते. बाई एका जागी गप्प उभ्या असत्या तर निभावलं असतं. पण धड्याच्या मध्यावर त्या काय कोण जाणे, जागच्या जागी हळूहळू फिरायला लागल्या होत्या. फिरताना सावली एका गालावरून दुसऱ्यावर सरकत होती. म्हणजे दर चित्रात सावली नव्या जागी, नि ती नव्याने पुसायची.

मेनस्विच काकांनी विचारलं, बाई फिरतायत का? चक्कर आली असेल, दुरुस्ते म्हणाले, दिवा किती तापला होता.

आणि तेवढ्यात त्यांना काहीतरी दिसलं. फिरण्याच्या जरा आधी बाईंनी थेट समोर बघून डाव्या गालावर बोट टेकवलं होतं. नुसतं टेकवलं नव्हतं, दोनदा टिचकीसारखं वाजवलं होतं. दुरुस्त्यांचे डोळे लकाकले. मुद्रितात चूक दिसली की समासात खूण करतात, तशी ही खूण! बाईंच्या लक्षात आलं होतं की इथे सावली पडलीय, आणि आपला नवरा नंतर दुरुस्त करणार आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी जागा दाखवून ठेवली होती. दुरुस्त्यांना बायकोचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका. इतक्या वर्षांच्या संगतीने तीही तपासनीस झाली की! त्यांनी वळून वह्यांत बुडालेल्या बाईंकडे प्रेमाने पाहिलं. बाई म्हणाल्या, काय हो? काही नाही, दुरुस्ते म्हणाले, कळलं मला.

सावलीचा टिपूससुद्धा शिल्लक राहिला नाही.

शाळेच्या सभागृहात टायवाल्याचा धडा आधी लागला. संगीत होतं, फिरता गोल होता, कुणा न दिसणाऱ्या माणसाचा गोड आवाज होता. सगळं गुळगुळीत, हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. मुख्याध्यापकांनी तोंडावर रुमाल धरून जांभई दिली. अधिकारीबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग बाईंचा धडा लागला, आणि दुरुस्ते खुर्चीत जरा सावरून बसले. शेजारी बाई पर्स मांडीवर घट्ट धरून, खाली बघत बसल्या होत्या.

काळ्याभोर आकाशात तारे उमटले. लेकीचा सूर्य झळकला. आणि त्यात बाई, अखंड, भोक नसलेल्या, पांढऱ्या केसांच्या, दोन्ही गाल आरशासारखे लख्ख. वा, मुख्याध्यापक म्हणाले. टायवाल्याने मान वाकडी करून बारकाईने पाहिलं. दुरुस्त्यांचा जीव भांड्यात पडला. आणि मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो धडा ऐकला.

“मुलांनो,” पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, “आज आमच्या घरी दिवा एकाच बाजूला लागलाय. बरंच झालं. आता माझ्या चेहऱ्याकडे बघा. माझं डोकं म्हणजे पृथ्वी. या उजव्या गालावर उजेड आहे, इथे दिवस आहे. आणि हा डावा गाल बघा.” बाईंनी त्यावर दोनदा टिचकी वाजवली. “किती अंधार आहे. इथे रात्र झालीय. इथली सगळी माणसं झोपलीयत.”

डावा गाल भर दुपारसारखा तळपत होता.

कुणीतरी फिसकन हसलं. बाई फिरू लागल्या. “आता बघा हं, रात्र कशी हळूहळू सरकते. बघा, या गालावरची आली या गालावर.” काहीही सरकत नव्हतं. बाई झगझगीत चेहऱ्याने नुसत्या गोल फिरत होत्या आणि जिथे म्हणून बोट ठेवत तिथे लख्ख उजेड दाखवून अंधार अंधार म्हणत होत्या. आता मुख्याध्यापकांनी तोंडावर धरलेला रुमाल जांभईसाठी नव्हता. टायवाला खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला, त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

दुरुस्त्यांना आता कळलं. खूण नव्हती ती. आणि सावली ही चूकही नव्हती. सबंध चित्रणात खरी असलेली ती एकच गोष्ट होती, आणि त्यांनी ती पुसून, घासून, चकचकीत करून टाकली होती. बायकोची पाचवी त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली होती. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं. त्यांनी शेजारी बघायचं धाडस केलं.

बाई पडद्याकडे बघत होत्या. मग दुरुस्त्यांकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे, आपल्या डाव्या गालाकडे. त्यांना सगळं कळलं, आणि रागाऐवजी त्यांच्या तोंडावर ते दिव्याच्या दिवशीचं हसू आलं. त्यांनी पर्स दुरुस्त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उठल्या.

पडदा बंद करा, त्या म्हणाल्या, आणि खिडक्याही लावून घ्या. वर्गात वापरायचा आवाज होता तो, मुख्याध्यापक स्वतः उठून खिडक्या लावू लागले. सभागृहात काळोख झाला. बाईंनी चाचपडत मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा दिवा लावला.

“अहो, इकडे या. हा धरा.”

दुरुस्ते पर्स छातीशी धरून धडपडत पुढे गेले. दिवा हातात घेतला. इतक्या दिवसांत उजेडाबद्दल जे जे शिकले होते ते त्यांना आठवलं, आणि आता तरी चूक नको म्हणून ते बरोबर बाईंच्या समोर, मधोमध, नाकासमोर दिवा धरून उभे राहिले. बाईंचे दोन्ही गाल सारखे उजळले.

“असा नाही,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी लावला होतात तसा. चुकीचा. तुम्हाला छान जमतं ते.”

सगळे हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. दुरुस्ते बाईंच्या उजवीकडे सरकले. बाईंचा डावा गाल अंधारात गेला. आणि बाईंनी शिकवायला सुरुवात केली. पाठांतर नव्हतं ते. समोर पाचवीचा वर्ग आहे असं समजून त्यांनी मुख्याध्यापकांना मागच्या बाकावरचा म्हणून दोनदा दटावलं, टायवाल्याला उभं करून त्याच्या गालावर दुपार दाखवली आणि विचारलं की तुमच्याकडे आता किती वाजले? त्याने बरोबर उत्तर दिलं आणि शाबासकी मिळाल्यावर तो लाजला. चहा घेऊन आलेला शिपाई ट्रे हातात तसाच धरून दारात उभा राहिला. बाई फिरू लागल्या आणि रात्र खरोखर त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेली.

अधिकारीबाईंनी अंधारात हात वर केला. बहुधा आपण काय करतोय हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. “बाई, मग संध्याकाळ कुठे आहे?”

“ही काय,” बाई थांबल्या आणि बोट टेकवलं. “नाकावर.”

खिडक्या उघडल्या तेव्हा चहा गार झाला होता. अधिकारीबाई म्हणाल्या की पडदा नकाशांसाठी ठीक आहे, पाचवी मात्र यांच्याकडेच राहू द्या. मुख्याध्यापकांनी मान डोलावली, हजेरीपत्रकांसाठी दुसरं कुणीतरी बघावं लागेल असंही म्हणाले. जाता जाता अधिकारीबाईंनी दुरुस्त्यांना थांबवलं. तो मूळ धडा, कापडासकट, आहे तसा कार्यालयात पाठवून द्या, बाकी शाळांना दाखवू. आणि कृपा करून त्याला हात लावू नका. हे वाक्य छापखान्यात त्यांना कुणी बोललं असतं तर दुरुस्त्यांनी नोकरी सोडली असती. इथे त्यांनी फक्त मान खाली घातली.

घरी येताना दुरुस्ते बाईंची पर्स अजून छातीशी धरूनच चालत होते. मग बाईंनी विचारलं, “मी गालाला हात लावला, ते तुम्हाला काय वाटलं?”

“खूण केलीस वाटलं. चूक दाखवलीस.”

बाई रस्त्यात थांबून हसल्या. इतक्या हसल्या की पुढून येणारा सायकलवाला बाजूला झाला. दुरुस्त्यांनाही मग राहवेना.

संध्याकाळी बाई आत स्वयंपाकाला लागल्या आणि दुरुस्त्यांनी संगणक लावला. पाठवायचं म्हणून मूळ चित्रण काढलं. तेच पोट सुटलेलं कापड, त्याच सुरकुत्या, केसांवर तेच शेवाळ. मेनस्विच काका सवयीने खुर्ची ओढत आले होते, त्यांना दुरुस्त्यांनी आज नको म्हणून परत पाठवलं. मग त्यांनी आवाज सुरू केला. चित्र अडखळत होतं, बाईंचा आवाज उचक्या देत होता, तरी सगळं ऐकू येत होतं. सभागृहात पडदा बंद केल्यामुळे जे कुणीच ऐकलं नव्हतं तेही आलं, अगदी शेवटी.

“तर मुलांनो, हा दिवा ज्यांनी लावलाय ना, ते बाहेर जिन्यात उभे आहेत. मला कुणी त्रास देऊ नये म्हणून. त्यांना वाटतंय दिवा चुकला. घरी गेल्यावर तुम्हीही कुणाला तरी असाच दिवा धरायला सांगा. आपल्यासाठी दिवा धरणारं माणूस असलं, की दिवस काय नि रात्र काय, दोन्ही नीट समजतात.” आणि मग तो फट्कन आवाज, आणि अंधार.

दुरुस्त्यांनी ते पुन्हा लावलं. चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा लावलं.

आतून बाईंची हाक आली, “अहो, तो आवाज कमी करा बघू. घरात दोन-दोन मी नको.”

दुरुस्त्यांनी आवाज वाढवला.